आतड्यातील अडथळा आणि शर्टाची बाही

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने आतड्याच्या विकारावर लेख लिहावा हे तुम्हाला थोडे विचित्र वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. पण आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला एक मुलगा आला आणि त्याच्यामुळे मला ह्या विषयात लक्ष घालावे लागले.

मुलगा हुशार, अबोल आणि अंगाने अगदी काडी. प्रात्यक्षिकाच्या तासाला तो दोन-दोन, तीन-तीनदा उठून बाहेर जात असे. व्हर्नियरची वाचने अर्धवट टाकून जायचा आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत यायचा. एक दिवस मी सर्वांदेखत म्हणालो, "काय रे, प्रयोगशाळेत चहा मिळत नाही म्हणून जातोस का?" वर्ग हसला. तोही हसला. नंतरचे दोन आठवडे तो प्रात्यक्षिकाला फिरकला नाही. मला वाटले, राग आला असेल.

पावसाळ्यात मुलांची सहल निघाली. घाटात सर्वांनी भाजलेली कणसे खाल्ली, त्यानेही खाल्ली. त्याच रात्री त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या, पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या. इतरांपैकी कोणालाही काही झाले नव्हते, म्हणजे दोष कणसांचा नव्हता. त्याला इस्पितळात दाखल केले. मी भेटायला गेलो तेव्हा तेथील सर्जनांनी मला त्याचे उभे राहून घेतलेले क्ष-किरण चित्र दाखवले. चित्रात पोटाच्या जागी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या लहानमोठ्या आडव्या रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघेच्या वर काळा घुमट होता. ह्या रेघा कशाच्या, ते मी न विचारताच ओळखले. आतड्याच्या वेटोळ्यांत द्रव साचला होता, त्याच्या वर वायू होता, आणि कोणत्याही भांड्यातल्या द्रवाचा पृष्ठभाग आडवा राहतो तसा तो राहिला होता. आतडे वाहते असते तर द्रव असा साचला नसता. पुढे कोठेतरी वाट बंद झाली होती.

तो मुलगा दीड-दोन वर्षे पोटदुखी, जुलाब आणि बारीक ताप अंगावर काढत होता. घरी तो संकोचाने पूर्ण सांगत नसे. जे थोडे सांगितले त्यावर 'परीक्षेचा ताण' असे उत्तर मिळाले होते. रात्री झोपेतून उठून शौचाला जावे लागते, ही गोष्ट तर त्याने कोणालाच सांगितली नव्हती. खरे तर सर्वांत महत्त्वाची खूण तीच होती. नुसत्या काळजीने बिघडलेले पोट माणसाला सहसा झोपेतून उठवत नाही.

त्याला झालेल्या विकाराचे नाव क्रोन विकार. आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. आपल्या शरीरातील प्रतिकारयंत्रणा जंतूंशी लढते. काही माणसांत ही यंत्रणा आतड्याच्या भिंतीवरच चालून जाते आणि थांबता थांबत नाही. असे का व्हावे, ह्याचे कारण आनुवंशिक घटक, आतड्यातील जीवाणू आणि परिसर ह्यांच्या गुंतागुंतीत आहे. विकार संसर्गजन्य नाही. एकत्र जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने तो कोणाला होत नाही. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. व्रणयुक्त बृहदांत्रदाहात फक्त मोठे आतडे बिघडते, आणि तेही मुख्यतः आतल्या अस्तरापुरते. क्रोन विकार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. लहान आतड्याचे शेवटचे टोक ही त्याची आवडती जागा. तो भिंतीच्या सर्व थरांतून आरपार जातो, आणि मधला मधला भाग निरोगी सोडून पुढे पुन्हा उगवतो.

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिंझबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर ह्या तिघांनी १९३२ साली चौदा रुग्णांच्या आधारे ह्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. नावे वर्णानुक्रमाने छापली गेल्यामुळे क्रोन पहिले आले आणि विकाराला त्यांचेच नाव चिकटले. हा विकार प्रामुख्याने तरुणांना होतो, ही गोष्ट त्या पहिल्याच लेखात नमूद आहे. आजही दोन्ही प्रकारांची सुरुवात बहुधा पंधरा ते पस्तीस ह्या वयात होते. म्हणजे ज्या वयात माणूस शिकत असतो, नोकरी शोधत असतो आणि आपल्या शौचाच्या तक्रारी सांगायला सर्वांत जास्त लाजत असतो, त्या वयात.

औषधांनी बहुतेकांचा दाह आटोक्यात येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या नव्या जैविक औषधांनी तर पुष्कळांची शस्त्रक्रिया टळली आहे. तरीही काही वेळा सर्जनच्या सुरीवाचून गत्यंतर उरत नाही. ती वेळ का येते, हे समजण्यासाठी आतड्याकडे घटकाभर एक नळी म्हणून पाहा. नळीच्या बाबतीत तीन संकटे संभवतात. ती अरुंद होईल, गळेल किंवा फुगून फुटेल. आतड्याचेही तसेच आहे.

अरुंद झालेली नळी

जखम भरताना व्रण राहतो, हे तुम्हाला गुडघ्यावरून माहीत आहे. आतड्याची भिंत पुनःपुन्हा दुखावली आणि पुनःपुन्हा भरली, की तेथे तंतुमय, कडक व्रण तयार होतो आणि आतली पोकळी आवळत जाते. दाह औषधाने विझतो, पण एकदा तयार झालेला कडक व्रण औषधाने सहसा विरघळत नाही.

प्रौढ माणसाच्या लहान आतड्याचा व्यास सुमारे अडीच सेंटिमीटर धरू. माझ्या विद्यार्थ्याच्या आतड्यात एके ठिकाणी तो जेमतेम अर्धा सेंटिमीटर उरला होता. म्हणजे एक-पंचमांश. मग वाहतूकही एक-पंचमांश होईल का? फ्रेंच वैद्य प्वाझय ह्याने एकोणिसाव्या शतकात बारीक काचनळ्यांतून द्रव वाहवून जो नियम शोधला, त्यानुसार दाब तोच असेल तर प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या एक-पंचमांश झाली तर प्रवाह सहाशेपंचविसावा हिस्सा! आतडे काही काचनळी नव्हे आणि अन्नाचा लगदा म्हणजे पाणी नव्हे, तेव्हा हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. पण थोड्याशा आवळण्याने काही जाणवत नाही आणि शेवटचे थोडे आवळले की एकदम सारे ठप्प होते, ह्याचे मर्म ह्या चौथ्या घातात आहे.

आतडे ह्यावर आपल्या परीने उपाय करते. ते लाटेसारखे आकुंचन पावून अन्न पुढे ढकलत असते. वाट अरुंद झाली की मागचा भाग अधिक जोर लावतो. जेवणानंतर येणाऱ्या कळा आणि पोटातील मोठ्याने होणारी गुडगुड ह्या जोराच्या खुणा होत. पातळ अन्न कसेबसे निघून जाते. मक्याचे दाणे, संत्र्याच्या सालीखालचे धागे, पेरूच्या बिया असे न पचणारे काही आले, की त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या दारात ते अडकते. घाटातल्या कणसांनी नेमके हेच केले.

गळणारी नळी

नळाची नळी पुढे तुंबली तर पाणी मागच्या एखाद्या कमजोर सांध्यातून वाट काढते. क्रोन विकारात भिंत आरपार सडत असल्यामुळे असा कमजोर सांधा तयारच असतो. बहुतेक वेळा गळती पोटात मोकळी होत नाही, कारण सुजलेले आतडे शेजारच्या अवयवाला चिकटलेले असते. मग तेथे गळू होते, किंवा एका पोकळीतून दुसऱ्या पोकळीत जाणारा बोगदा पडतो. बोगदा मूत्राशयात उघडला तर लघवीतून हवेचे बुडबुडे येतात. रुग्णाने ही एवढी गोष्ट सांगितली, तर डॉक्टरांना रोगाचा अर्धा नकाशा मिळतो.

गुदद्वाराजवळ पडणाऱ्या अशा बोगद्याला आपल्याकडे भगंदर म्हणतात. सुश्रुतसंहितेत अशा नाडीव्रणांवर क्षार लावलेला दोरा वापरण्याची पद्धत सांगितली आहे. तो दोरा मार्ग हळूहळू कापत नेतो. क्रोन विकारातही बोगद्यातून दोरा ओवतात, परंतु तो बहुधा सैल ठेवतात. येथे कापण्याची घाई केली तर शौचावर ताबा ठेवणारा स्नायू दुखावण्याची भीती असते. सैल दोरा फक्त तोंड उघडे राखतो आणि पू आत साचू देत नाही.

फुगत जाणारी नळी

तिसरे संकट सर्वांत तातडीचे, आणि ते बहुधा व्रणयुक्त बृहदांत्रदाहात येते. दाह अस्तर ओलांडून स्नायूंच्या थरात पोचला की मोठे आतडे लुळे पडते. त्यात वायू भरतो आणि ते फुगू लागते. क्ष-किरण चित्रात मोठ्या आतड्याचा आडवा भाग सहा सेंटिमीटरांपेक्षा रुंद दिसला आणि रुग्णाला ताप व नाडीची धडधड असली, की डॉक्टर सावध होतात.

का सावध होतात? एका लांब नळीचे उभे दोन भाग केले अशी कल्पना करा. आतला दाब हे दोन भाग एकमेकांपासून दूर ढकलतो. नळीच्या प्रत्येक सेंटिमीटर लांबीवर हे बल दाब गुणिले व्यास इतके, म्हणजे दाब × २ × त्रिज्या. दोन भागांना धरून ठेवतात त्या दोन बाजूंच्या भिंती, आणि प्रत्येकीत ताण असतो. म्हणून २ × ताण = दाब × २ × त्रिज्या, अर्थात ताण = दाब × त्रिज्या. लाप्लास ह्या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम तुम्ही साबणाच्या फुग्याच्या धड्यात वेगळ्या रूपात पाहिला असेल.

आता चार सेंटिमीटर व्यासाचे आतडे फुगून आठ सेंटिमीटरांचे झाले. दाब मुळीच वाढला नाही असे धरले तरी भिंतीतला ताण दुप्पट झाला. शिवाय तीच भिंत दुप्पट परिघावर ताणली गेल्याने तिची जाडी निम्मी झाली. म्हणजे भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटर छेदावर येणारा भार चौपट! जत्रेतला लांब फुगा फुंकताना पहिला फुगवटा येईपर्यंत गाल दुखतात आणि पुढे तो फुगवटा सहज वाढतो, हे आठवा. फुगवटा जितका मोठा तितके त्याचे आणखी फुगणे सोपे. आतड्याच्या ताणलेल्या भिंतीत रक्तपुरवठाही घटतो आणि ती अधिकच दुबळी होते. ती फुटली तर मळ पोटाच्या पोकळीत पसरतो आणि रुग्णाच्या जिवाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून अशा रुग्णावर शिरेतून औषधे चालू असतानाच सर्जन शेजारी उभे असतात. एक-दोन दिवसांत उतार पडला नाही तर ते वाट पाहत नाहीत. मोठे आतडे काढतात, आणि लहान आतड्याचे टोक पोटाच्या त्वचेवर आणून तेथे पिशवी बसवतात.

'पोटावर पिशवी' म्हटले की घरातली मंडळी हादरतात, विशेषतः रुग्ण विशीतला असेल तर. पण ती बरेचदा कायमची नसते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स आणि निकोल्स ह्यांनी १९७८ साली लहान आतड्याचीच आतल्या आत थैली करून ती गुदद्वाराला जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आज बहुधा आतड्याचे टोक दुमडून, शेजारी आलेल्या दोन नळ्यांमधली भिंत उघडून त्यांची एक रुंद थैली करतात. दोन परीघ जोडून एक झाला की त्रिज्या दुप्पट होते, आणि मग भिंतीत तेवढाच ताण असला तरी लाप्लासच्या नियमाप्रमाणे आतला दाब निम्मा राहतो. मघाशी ज्या सूत्राने आतडे फोडले, तेच सूत्र येथे रुग्णाला चार तास निश्चिंत बसू देते. आणि ज्यांची पिशवी कायम राहते, तीही माणसे नोकरी करतात, पोहतात, संसार करतात.

बाहीचा प्रयोग

आता पुन्हा माझ्या विद्यार्थ्याकडे. त्याच्या लहान आतड्यात एक लांब भाग पार निकामी झाला होता आणि त्याच्या अलीकडे दोन ठिकाणी नळी आवळलेली होती. मी सर्जनना विचारले, "सगळा बिघडलेला भाग एकदाच कापून का टाकत नाही?" ते म्हणाले, "सर, हा अठरा वर्षांचा आहे."

ह्या उत्तराचा अर्थ मला नंतर कळला. व्रणयुक्त दाहात मोठे आतडे काढले की त्यातला दाह संपतो. क्रोन विकारात तसे होत नाही. खराब भाग कापून टोके जोडली तरी काही वर्षांनी जोडाच्या जरा अलीकडे विकार पुन्हा डोके वर काढू शकतो. मग पुन्हा कापायचे, आणि पुन्हा? लहान आतडे साधारण तीन ते आठ मीटर लांब असते. ते दोन मीटरांहून कमी उरले तर अन्न आणि पाणी पुरेसे शोषले जाईनासे होते, आणि काहींना शिरेतून पोषण द्यावे लागते. अठराव्या वर्षी उदारपणे कापणाऱ्या सर्जनला पुढची पन्नास वर्षे डोळ्यांपुढे ठेवावी लागतात. पूर्वी समज असा होता, की निरोगी दिसणाराही बराच भाग सोबत कापला तर विकार परतत नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दोन सेंटिमीटर कडा सोडून कापलेल्या आणि बारा सेंटिमीटर सोडून कापलेल्या रुग्णांची तुलना केली. विकार परतण्यात लक्षणीय फरक पडला नाही. म्हणजे जास्तीचे दहा सेंटिमीटर फुकट गेले.

मग आवळलेली जागा न कापता रुंद कशी करायची? ह्याचे उत्तर शिंप्याला सुचावे असे आहे, म्हणून ते करूनच पाहा. लहान भावंडाच्या जुन्या शर्टाची लांब बाही घ्या (आईला विचारून!). मनगटाच्या अलीकडे तिचा परीघ मोजा. समजा तो १६ सेंटिमीटर आहे. आता तेथे बाहीच्या लांबीच्या दिशेने ८ सेंटिमीटरांची उभी चीर द्या. चिरेच्या दोन्ही कडांचे मध्यबिंदू धरून एकमेकांपासून दूर ओढा, म्हणजे चिरेची दोन टोके जवळ येतील. मग ही फट आडवी शिवून टाका. उभी चीर, आडवी शिवण. पुन्हा परीघ मोजला तर मूळच्या १६ मध्ये चिरेची लांबी मिळवली जाईल, म्हणजे २४ सेंटिमीटर. बाहीचा तुकडाही फेकला नाही आणि ती दीडपट रुंद झाली. किंमत एवढीच, की तेवढ्या जागी बाही किंचित आखूड झाली.

आतड्याचे गणित मांडू. अर्धा सेंटिमीटर व्यास म्हणजे १.५७ सेंटिमीटर परीघ. त्यावर ६ सेंटिमीटरांची चीर दिली तर नवा परीघ ७.५७ आणि व्यास जवळजवळ २.४ सेंटिमीटर! अर्थात आतड्याची भिंत जाड असते, टाक्यांत काही जाते, आणि चीर दोन्ही बाजूंना निरोगी भागात शिरावी लागते. तरी वाट मोकळी होते.

ह्या युक्तीचा इतिहास आपल्या अभिमानाचा आहे. जठराचे अरुंद झालेले दार अशा तऱ्हेने रुंद करण्याचे काम हायनिके आणि मिकुलिच ह्या दोन सर्जननी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केले होते. पण आतड्यावर ती वापरण्याची गरज भारतात पडली, कारण आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग पुष्कळ, आणि तोही आतडे जागोजाग आवळतो. आर. एन. कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयाने आवळलेल्या आतड्यांवर ही शस्त्रक्रिया करून १९७७ साली ब्रिटनमधील शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात तिचे वर्णन केले. त्यानंतर ऑक्सफर्डच्या इमॅन्युएल ली ह्यांनी क्रोन विकारावर तिचा अवलंब केला आणि १९८२ साली त्याचा वृत्तान्त छापला. त्याआधी रोगट आतड्यावर टाके घालण्याचे धाडस सर्जन करत नसत. ते टाके धरतात, असे अनुभवाला आले.

क्षय आणि क्रोन ह्यांच्या ह्या साम्याला दुसरी, गैरसोयीची बाजूही आहे. दोन्ही विकार लहान आतड्याच्या त्याच टोकाशी बसतात, दोन्हींत ताप येतो, वजन घटते. क्रोनची कित्येक औषधे प्रतिकारयंत्रणेला आवर घालतात. ती चुकून क्षयाच्या रुग्णाला दिली तर क्षय भडकतो. त्यामुळे आपल्याकडील डॉक्टरांना निदान करताना फार काळजी घ्यावी लागते, आणि वेळही लागतो.

माझ्या विद्यार्थ्यावर लगेच शस्त्रक्रिया झाली नाही. अडथळा नाकातून घातलेल्या नळीने आणि सलाइनने तात्पुरता उतरला. अंगात मांस नसलेल्या रुग्णाचे टाके नीट भरत नाहीत, म्हणून आधी काही आठवडे त्याला पोषण दिले. दाहामुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी त्याला चालवले. निकामी भाग काढला आणि दोन आवळलेल्या जागा उभ्या चिरून आडव्या शिवल्या. औषधे चालूच आहेत आणि पुढेही राहतील.

सहा महिन्यांनी तो प्रयोगशाळेत परत आला. माझ्या प्रात्यक्षिकाला बाहेर जाण्यासाठी आता कोणालाच विचारावे लागत नाही, हे त्याला इतर मुलांनी आधीच सांगितले होते. बाहीच्या प्रयोगाची गोष्ट मी काढली तेव्हा तो म्हणाला, "सर, मी करून बघू?" त्याने बाही आणली, चिरली, स्वतः शिवली आणि मोजली. उत्तर २४ नव्हे, २२.८ आले. जर्नलमध्ये त्याने त्याखाली लिहिले होते, की उरलेले १.२ सेंटिमीटर शिवणीत दुमडले गेले, आणि टाके बारीक घातले तर ही त्रुटी कमी होईल.